फौजी आबांची अपंगत्व पेन्शन : या चुका टाळा

नोव्हेंबर उजाडला की आमच्या ओट्यावर कागदांच्या पिशव्या घेऊन माणसं येऊन बसतात. फौजेत मी क्लार्क होतो, म्हणून गावोगावचे पेन्शनर माझ्याकडे येतात. १९७१ च्या लढाईतला सगळ्यात तरुण जवानसुद्धा आता सत्तरी ओलांडून गेलाय. कुणाच्या मांडीत अजून स्प्लिंटर आहे, तोफखान्यातल्या कुणाला शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नाही. त्यांचं हक्काचं मिळत नाही ते बहुतेक वेळा घरच्यांच्या त्याच त्या चुकांमुळे, आणि वर्षानुवर्षं त्याच चुका बघून जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पासबुकातला आकडा बघायचा आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, कधी उघडायचाच नाही. "आबांना अपंगत्वाची पेन्शन चालू आहे" एवढंच घरात माहीत असतं. ती कुठली, किती टक्क्यांची, कशापायी, हे कुणी विचारत नाही.

पीपीओत सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे नोकरीबद्दलचा भाग, वेगळा असतो आणि अपंगत्वाचा भाग वेगळा. हा दुसरा भाग दोन प्रकारचा. सेवेमुळे आलेलं साधं अपंगत्व असेल तर डिसॅबिलिटी एलिमेंट, आणि शत्रूच्या कारवाईत जखम झाली असेल, म्हणजे प्रकरण 'ई' प्रवर्गात बसत असेल, तर वॉर इंज्युरी एलिमेंट. पूर्ण म्हणजे १०० टक्के अपंगत्वाला पहिला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. दुसरा, नोकरी पुरी करून आलेल्याला ६० टक्के आणि जखमेमुळेच घरी पाठवलेल्याला पूर्ण पगाराइतका. अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. समजा हिशेबाचा पगार २०,००० आणि अपंगत्व ५० टक्के. साध्यात ३,००० होतात, वॉर इंज्युरीत ६,०००, आणि जखमेपायी फौज सोडावी लागली असेल तर १०,०००. जखम तीच, माणूस तोच. कागदावर कुठला शब्द लिहिलाय त्यावर हा सगळा फरक पडतो.

खटाव तालुक्यातल्या एका आबांची गोष्ट सांगतो. १९७१ च्या डिसेंबरात ते पूर्वेच्या आघाडीवर होते. डाव्या मांडीत स्प्लिंटर घुसलं. बरे होऊन पुन्हा पलटणीत गेले, नोकरी पुरी केली आणि साधं ३० टक्के अपंगत्व घेऊन घरी आले. नातवाने एक एजंट धरला. एजंटाने 'टक्केवारी वाढवून मिळावी' असा छापील अर्ज दोनदा पाठवला, सोबत एकही पुरावा नाही. दोन्ही वेळा परत आला. मग ते माझ्याकडे आले.

मी नेहमी पहिला प्रश्न एकच विचारतो : ट्रंकेत काय आहे? काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. ती उघडून सगळं सतरंजीवर मांडायला लावलं. मफलरमध्ये गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक निघालं. त्याखाली पदकं. त्यातलं एक हातात घेतलं आणि मला पुढे बोलवेना. ते वुंड मेडल होतं. आता त्याला पराक्रम पदक म्हणतात. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झाल्याशिवाय ते मिळतच नाही. कडेवर आबांचा नंबर आणि नाव कोरलेलं होतं. घरात कुणालाच ते काय आहे हे ठाऊक नव्हतं. एका बेंदराला पोरांनी ते बैलाच्या गळ्यात बांधलं होतं, असं सूनबाई सांगत होत्या. आबा भिंतीला टेकून गप्प बसले होते.

पदक आहे म्हणजे जखमी झाल्याची नोंद कुठेतरी असणारच. पदकाचे फोटो आणि डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या प्रती लावून आम्ही रेकॉर्ड ऑफिसला लिहिलं. मागणी दोनच गोष्टींची केली : त्या जखमेची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पलटणीने काढलेली अधिकृत नोंद, आणि हॉस्पिटलचे कागद. टक्केवारीचा शब्दही काढला नाही. काही महिन्यांनी जुनी नोंद आली : बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईत जखमी. त्यावर नवा अर्ज केला आणि साध्याचं वॉर इंज्युरी झालं. थकबाकी मात्र तीनच वर्षांची मिळाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून अशा उशिरा आलेल्या दाव्यांत साधारण तेवढीच देतात. आधीची सगळी वर्षं पाण्यात गेली. म्हणून सांगतो, एजंट शोधायच्या आधी ट्रंक उघडा.

एजंटांबद्दल माझं मत कडक आहे. थकबाकीत वाटा मागणाऱ्याला दारात उभं करू नका आणि कोऱ्या कागदावर आबांची सही किंवा अंगठा घेऊ देऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हीच मदत फुकट मिळते. वेळ लागतो, हे खरं. पण "दोन महिन्यांत करून देतो" म्हणणाऱ्याने बिघडवलेली फाइल निस्तरायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

दुसरी चूक मेडिकल बोर्डापुढची, म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढची. तिच्याबद्दल लिहिताना मला त्रास होतो, कारण ती चांगल्या माणसाकडून होते. जखम वयाबरोबर बळावली तर फेरतपासणीची मागणी पेन्शनर स्वतः करू शकतो. अशाच एका बोर्डाला मी एका जुन्या हवालदारांना घेऊन गेलो होतो. घरी त्यांना काठीशिवाय संडासापर्यंत जाता येत नव्हतं. त्या दिवशी पहाटे उठून दाढी केली, बुटांना पॉलिश केलं, आणि हॉस्पिटलच्या फाटकाशी काठी जीपमध्येच ठेवली. मी हातात दिली तर म्हणाले, "साहेबासमोर काठी घेऊन जाऊ का?" दात आवळून ताठ चालत आत गेले. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतो? "सब ठीक है साब." टक्केवारी होती तेवढीच राहिली.

तेव्हापासून मी एक रिवाज ठेवलाय. बोर्डाच्या आधी महिनाभर घरच्यांना वही लिहायला लावतो. रात्री किती वेळा दुखण्याने उठले, जिना चढता आला का, कुणाच्या आधाराने अंघोळ केली, हे सगळं तारखेसह लिहायचं. गेल्या काही वर्षांचे उपचाराचे कागद आणि एक्स-रे तारखेप्रमाणे लावायचे. आबांना आदल्या रात्रीच समजावायचं की डॉक्टरला दुखणं सांगणं म्हणजे रडगाणं नव्हे, तो रिपोर्ट आहे, आणि रिपोर्ट खरा द्यायचा असतो. ही भाषा त्यांना कळते. उलट, वाढवून सांगा असं शिकवणारे महाभागही भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. बोर्डाचे डॉक्टर रोज असली माणसं बघतात, आणि एक खोटं सापडलं की खऱ्या दुखण्यावरही त्यांचा विश्वास राहत नाही.

टक्केवारीवरूनच आणखी एक. ५० च्या खालचं अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ चं ७५ आणि त्यापुढचं १०० धरायचं, अशी तरतूद आहे. आधी ती फक्त अपंगत्वामुळे घरी पाठवलेल्यांना होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने नोकरी पुरी केलेल्यांचाही तो हक्क मानला. तरी अजून ३० टक्क्यांवरच चाललेले पीपीओ माझ्यासमोर येतात. आपला तसा असेल तर लेखी अर्ज करा. नकार आला तर तोही लेखीच घ्या, कारण सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे जायचं तर हातात नकाराचा कागद लागतो.

आता मोबाइलवरची घाई. नातू दोन मिनिटांत 'स्पर्श'वर, म्हणजे फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर, आबांचं खातं उघडतो आणि नंबर देतो नेटकॅफेवाल्याचा. पुढे प्रत्येक ओटीपी त्या दुकानात. नंबर घरातलाच द्या, पासवर्ड वहीत लिहून ठेवा. हयातीचा दाखला काढताना पेन्शन देणारी यंत्रणा म्हणून जुन्या सवयीने बँक निवडतात. पेन्शन स्पर्शकडे गेली असेल तर तिथे स्पर्शच निवडायला हवं, नाहीतर दाखला भलतीकडे जातो आणि पेन्शन थांबते. दाखल्यासाठी ओटीपी मागणारा फोन आला तर तो सरळ कापा. ८० च्या पुढच्यांना दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, गर्दीत ताटकळू नका.

जन्मतारीख तपासा. ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट. जुन्या कित्येक पीपीओंत जन्मतारीखच नसते, मग ही वाढ सुरूच होत नाही.

मूळ कागद कुणालाही देऊ नका, प्रत द्या.

अपंगत्व पेन्शनचे २०२३ चे नवे नियम ऐकून घाबरू नका. ते २१ सप्टेंबर २०२३ नंतर फौज सोडलेल्यांसाठी आहेत. आबांची चालू पेन्शन त्याने जात नाही.

शेवटची चूक आजींच्या नावाची. अपंगत्वाचा भाग आबांबरोबर संपतो, आजींना कुटुंब पेन्शन मिळते, पण नाव जुळलं तर. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत. फौजेच्या नोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मतदार यादीत तिसरंच. आबा हयात आहेत तोवर त्यांच्याच अर्जाने दुरुस्ती होते. ते गेल्यावर एका अक्षरासाठी आजींना काठी टेकत खेटे घालताना मी पाहिलंय. हयातीच्या दाखल्याला याल तेव्हा आजींचं आधार कार्ड आणि डिस्चार्ज बुक, दोन्ही पिशवीत टाकून आणा.