चाहत्यांकडून थेट उत्पन्न मिळवताना: दर, वचन आणि गळती

केवळ जाहिरातींच्या उत्पन्नावर अवलंबून असलेल्या क्रिएटरचा आपल्या खऱ्या आश्रयदात्याशी कधी व्यवहारच होत नाही. पैसे जाहिरातदार देतो, व्हिडिओ कोणापुढे ठेवायचा हे अल्गोरिदम ठरवतो आणि जो माणूस मन लावून पाहतो, तो केवळ आकड्यांतला एक आकडा होऊन राहतो. यूट्यूबवर लांब व्हिडिओंच्या जाहिरात-उत्पन्नातला ५५ टक्के वाटा निर्मात्याला मिळतो खरा, पण मूळ रक्कम किती असावी यावर त्याचे काहीच नियंत्रण नसते. संगीतकार जॅक कॉन्टी याने सॅम याम याच्यासोबत २०१३ मध्ये चाहत्यांकडून नियमित वर्गणी घेता येईल असे पेट्रिऑन हे संकेतस्थळ सुरू केले, त्यामागेही हीच अडचण होती. व्हिडिओवर होणारा खर्च आणि जाहिरातींतून परत येणारी रक्कम यांचा मेळ बसत नाही, हे त्याने स्वतः अनुभवले होते.

चाहत्यांकडून थेट पैसे घेण्याचे मार्ग अनेक आहेत आणि त्यांतला कोणता निवडावा, हे आपल्या कामाच्या लयीवरून ठरवावे. लाइव्ह कार्यक्रम करणाऱ्यांना यूट्यूबची सुपर चॅट किंवा ट्विचवरील बिट्स, म्हणजे कार्यक्रम चालू असतानाच प्रेक्षकांनी पैसे देण्याच्या सोयी, उपयोगी पडतात. अधूनमधून काही प्रसिद्ध करणाऱ्याला को-फायसारख्या ठिकाणी एकरकमी टिप घेता येते आणि अशा टिपेवर को-फाय स्वतःचे कमिशन आकारत नाही. दोन-तीन वर्षांतून एखादाच मोठा प्रकल्प हाती घेणाऱ्याने किकस्टार्टर या लोकांकडून निधी जमवण्याच्या संकेतस्थळाचा विचार करावा; तेथे ठरवलेले उद्दिष्ट गाठले तरच पैसे मिळतात आणि न गाठल्यास कोणाच्याही कार्डावरून रक्कम कापली जात नाही. मात्र ज्याचे काम दर आठवड्याला किंवा दर महिन्याला नियमाने प्रसिद्ध होते, त्याच्यासाठी मासिक सभासदत्व हाच पाया आहे, असे माझे मत आहे. त्यामुळे पुढील विवेचन मुख्यतः सभासदत्वाविषयी आहे.

पहिला प्रश्न दराचा. पुष्कळ जण संकोचापोटी महिना १ डॉलर ठेवतात आणि तिथेच फसतात. प्लॅटफॉर्म १० टक्के घेतो आणि कार्डाचे शुल्क २.९ टक्के अधिक ३० सेंट आहे, असे धरू. १ डॉलरमधून १० सेंट प्लॅटफॉर्मला आणि सुमारे ३३ सेंट कार्डाच्या व्यवहाराला गेले, की पदरात पडतात जेमतेम ५७ सेंट. हाच दर ५ डॉलर ठेवला तर सुमारे ४ डॉलर ५ सेंट हाती येतात, कारण ३० सेंटांचा स्थिर भार मोठ्या रकमेत विरघळून जातो. म्हणून सभासदत्वाची सर्वांत खालची श्रेणी, म्हणजे दराची पहिली पायरी, ३ ते ५ डॉलरच्या खाली नेऊ नये. ज्याला तेवढे देणे परवडत नाही, त्याच्यासाठी आपले काम विनामूल्य खुले असतेच, आणि ते तसे राहिलेच पाहिजे. नवे चाहते त्याच दारातून आत येतात.

दुसरा आणि सर्वांत जोखमीचा प्रश्न म्हणजे सभासदांना काय द्यायचे. समजा, एखाद्या चित्रकर्तीने १० डॉलरच्या श्रेणीत प्रत्येक सभासदाला दरमहा हाताने काढलेले एक छोटे चित्र देण्याचे कबूल केले आणि एका चित्राला ४० मिनिटे लागतात. आठ सभासद असताना हे काम साडेपाच तासांच्या आत आटोपते आणि त्यात आनंदही असतो. सभासद ८० झाले, की त्याच वचनाला ५३ तासांहून अधिक वेळ लागतो, आणि ज्या मुख्य चित्रांसाठी लोक तिच्याकडे आले होते, नेमकी तीच मागे पडतात. यशामुळेच मोडून पडेल असे वचन देऊ नये. पाच जणांना जेवढ्या श्रमात देता येते, तेवढ्याच श्रमात पाचशे जणांना देता येईल असेच लाभ निवडावेत: सामान्य प्रेक्षकांच्या दोन-तीन दिवस आधी पाहण्याची संधी, कच्ची रेखाटने, कामाच्या मूळ फाइल, महिन्यातून एकदा सर्वांसाठी मिळून घेतलेले प्रश्नोत्तरांचे सत्र, श्रेयनामावलीत नाव. व्यक्तिगत काही द्यायचेच असेल, तर त्या श्रेणीतल्या जागा आधीच मर्यादित ठेवाव्यात. श्रेण्याही दोन किंवा तीनच असाव्यात. सात श्रेण्यांचा तक्ता वाचताना माणूस निर्णय पुढे ढकलतो, आणि पुढे ढकललेला निर्णय बहुधा होतच नाही.

आवाहन करताना भिडस्तपणा नको आणि दयायाचनाही नको. ‘मला मदत करा’ यापेक्षा ‘दरमहा वर्गणी देणारे ४० सभासद झाले, की मी महिन्यातून दोनऐवजी चार भाग करू शकेन, सध्या २६ आहेत’ हे वाक्य अधिक काम करते, कारण त्यात पैसा कशासाठी हवा आहे आणि किती अंतर उरले आहे, हे दोन्ही स्वच्छ कळते. हे आवाहन व्हिडिओच्या वर्णनात तळाशी ठेवून भागत नाही. जो भाग लोकांना विशेष आवडला, त्याच्या शेवटी ते आपल्या तोंडून, थोडक्यात, पण दर वेळी करावे. आयफोनच्या ॲपमधून सभासद झाल्यास ॲपलचे वेगळे शुल्क लागू होऊ शकते. म्हणून दुवा देताना ब्राउझरमधूनच नोंदणी करण्याची विनंती करावी.

सभासद मिळवण्यापेक्षा टिकवणे अवघड असते. दरमहा ५ टक्के गळती किरकोळ वाटते, पण त्या वेगाने आजच्या १०० सभासदांपैकी वर्षअखेरीस केवळ ५४ उरतात. याच कारणासाठी वार्षिक वर्गणीचा पर्याय अवश्य ठेवावा. वर उल्लेखलेल्या दरांनुसार वर्षाला ५० डॉलर घेतले, तर हाती सुमारे ४३ डॉलर येतात. महिना ५ डॉलरने पूर्ण वर्षाचे जवळपास ४९ होतात हे खरे; परंतु गळती धरली तर एका सभासदाकडून पहिल्या वर्षात सरासरी नऊच हप्ते येतात आणि त्यांचे होतात साधारण ३७. दिसायला स्वस्त असलेली वार्षिक वर्गणी अशी पदरात जास्त टाकते. शिवाय सोडून गेलेला प्रत्येक जण नाराज झालेला असतो असे मुळीच नाही. अनेकदा त्याच्या कार्डाची मुदत संपलेली असते आणि त्याला ते ठाऊकही नसते. अयशस्वी व्यवहारांची यादी दर महिन्याला उघडावी आणि अशा व्यक्तीला दोन ओळींचा साधा निरोप पाठवावा: ‘आपल्या कार्डावरून या महिन्याची वर्गणी जमा होऊ शकली नाही. सवड झाली की कार्डाचा तपशील बदलावा. तोवर आपले सभासदत्व मी चालू ठेवत आहे.’ यातले शेवटचे वाक्य गाळू नये.

चाहत्यांचा ईमेल पत्ता मिळवणे हे पहिल्या दिवसाचे काम आहे, शंभराव्या दिवसाचे नव्हे. प्लॅटफॉर्म उद्या दर वाढवील, नियम बदलेल किंवा खाते गोठवील. त्या दिवशी फॉलोअर्सचा आकडा कामी येत नाही, ईमेल पत्त्यांची यादी येते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या, ईमेलने लेखन पाठवण्याच्या सबस्टॅक या प्लॅटफॉर्मवर वर्गणीदारांची ईमेल यादी निर्मात्याला उतरवून घेता येते आणि निवड करताना ही सोय मी कमिशनच्या दराहूनही वरची मानतो. यादी महिन्यातून एकदा उतरवून स्वतःजवळ जपून ठेवावी. लोकांनी विश्वासाने दिलेले हे पत्ते आहेत. ते कोणालाही देऊ नयेत.

जमा झालेली सगळी रक्कम आपली नसते. करासाठीचा भाग पैसे येताक्षणी वेगळ्या खात्यात टाकावा आणि सहा महिन्यांच्या नोंदी हाताशी आल्याशिवाय नोकरी सोडण्याचा विचार करू नये.

आजारपण येते, घरात अडचण येते, कधी काम जमूनच येत नाही. अशा महिन्यात घाईघाईने निकृष्ट काहीतरी पाठवण्यापेक्षा वसुली थांबवावी. पेट्रिऑनवर एका महिन्याची आकारणी स्थगित करण्याची सोय आहे. मात्र ती आकारणीच्या तारखेआधी करावी लागते, म्हणून ती तारीख दिनदर्शिकेत ठळक नोंदवून ठेवावी आणि सभासदांना त्या दिवसापूर्वीच कळवावे.