पालिओ पासिंगला नेण्याआधी

फियाटची जुनी पालिओ १.६ कार ज्याच्याकडे अजून आहे त्यानं एक गोष्ट पहिले समजून घ्यावी, ही गाडी पासिंगला, म्हणजे आरसी (नोंदणी) पुढं वाढवताना आरटीओत होते त्या तपासणीला, इंजिनपायी अडत नाही. १०० बीएचपीचं ते इंजिन वीस वर्षांनंतरही वणीच्या रोडवर मस्त पळते. अडते ते बारीकसारीक गोष्टींपायी, अन त्या गोष्टींचा पार्ट आपल्या तालुक्यात भेटत नाही. म्हणून आरसीची तारीख संपायच्या दोन महिने आधीच कामाला लागा. नोंदणी वाढवायचा अर्ज, म्हणजे 'फॉर्म २५', ती तारीख संपायच्या ६० दिवस आधीपासून भरता येते, अन तारीख उलटली की कारला महिन्याला ५०० रुपये जास्तीचे लागतात.

सगळ्यात पहिले चेसिस नंबर पाहा. माझी २००५ ची गाडी पहिल्या पासिंगला ह्याच्यातच वापस आली. नंबर आत फ्लोअरवर कोरलेला राहते, पुढच्या सीटपाशी कार्पेटचा तुकडा उचलला की दिसते. पण पावसाळ्यात वावरातून आलं की काळ्या मातीच्या पायानंच आपण गाडीत बसतो, कार्पेट आठ-आठ दिवस ओलं राहते अन खालून गंज चढते. आरटीओच्या साहेबांनी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली तर मधले तीन आकडे उमटलेच नाही, नुसता काळा डाग. सत्तर किलोमीटर आलो तसाच वापस गेलो. तेव्हा आतापासूनच कार्पेट उचला, डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीनं अन जुन्या टूथब्रशनं हळूहळू साफ करा. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका, आकडा घासल्या गेला तर नंबर खोडला असा संशय येते अन मग लय महागात पडते. घरीच पेन्सिलचा प्रिंट काढून आरसीशी एकेक अक्षर जुळवा, झालं की ग्रीसचा पातळ हात मारून ठेवा. इंजिन नंबरचंही तसंच, तो तेलाच्या थराखाली दबलेला राहते.

मग सस्पेन्शन, कारण पार्ट यायला सगळ्यात जास्त वेळ ह्यालाच लागते. आपल्या रोडवर लोअर आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश अन बॉल जॉइंट टिकत नाहीत. जॅक लावून चाक उचला, वर-खाली धरून हलवा, खडखड झाली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावी-उजवीकडं हललं तर टायरॉड एंड (स्टेअरिंगकडून चाकाला येणाऱ्या दांड्याचं टोक). मिस्त्री म्हणेल चालते भाऊ अजून, पण ऐकू नका, नागपूरहून मागवून घ्या. जुनं सामान भंगारात निघालेल्या गाडीचं भेटते, पण बुश अन ब्रेकचं सामान मी कधीच जुनं टाकत नाही.

गाडी उन्हाळाभर गोठ्याच्या शेडमध्ये उभी असंल तर हँडब्रेक नक्की ढिला झालेला राहते. मागचे ड्रम उघडायला लावा, लायनर पाहा, व्हील सिलिंडरच्या (लायनर दाबणाऱ्या छोट्या पंपाच्या) रबराखाली ओलं लागलं तर लगेच बदला. टायरचा नियम १.६ मिलिमीटर खोलीचा आहे, पण आपल्या ४५ डिग्रीच्या उन्हात टायरची गोटी (नक्षी) शिल्लक असतानाच साइडला चिरा पडतात, त्या पाहा. टायरवर चार आकडे राहतात, पहिले दोन आठवडा अन शेवटचे दोन वर्ष, ते वाचलं की टायर किती म्हातारा आहे ते समजते.

उन्हानंच हेडलाइटची काच पिवळी पडते अन उजेड मरते. काही लोक मग बाजारातला पांढरा एलईडी टाकतात, तसं करू नका, फोकस फुटते अन समोरच्याच्या डोळ्यात जाते. काच पॉलिश करा, कंपनीच्या मापाचा साधा बल्ब टाका, रात्री भिंतीसमोर उभी करून दोन्ही फोकस एका उंचीवर आहेत का पाहा. नंबर प्लेटचा लाइट, रिव्हर्स लाइट, हॉर्न, वायपर, काचेवर उडणारं पाणी, सगळे सीट बेल्ट, हेही तपासा. कापूस घरात भरलेला असंल तर उंदीर येतातच, अन त्यांना वायरिंग लय आवडते, बोनेटखाली टॉर्च मारून पाहाच.

पीयूसीसाठी ह्या गाडीला धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्क्याच्या आत लागते. ज्यानं आवाजासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) काढून सरळ पाइप टाकला त्याची गाडी इथंच अडते, तेव्हा कंपनीचा कन्व्हर्टर अन सायलेन्सर परत बसवा. काळी फिल्म काढा, गाडी खाली बसवायला टाकलेल्या दबक्या स्प्रिंग काढा, मूळ आकाराचे टायर टाका. मला माहीत आहे मन होत नाही, मी स्वतः स्प्रिंग काढताना दोन दिवस टाळलं होतं. पेट्रोलचे रबरी पाइपही बोटानं दाबून पाहा, आता पंपावर इथेनॉलचं पेट्रोल आहे अन वीस वर्षं जुनं रबर त्यात फुगते, कुठं वास येत असंल तर पहिले ते काम.

कागद म्हणजे आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, पर्यावरण कराची पावती. एचएसआरपी (सरकारी सुरक्षा नंबर) प्लेट बसलेली पाहिजे, जुने चलान भरलेले पाहिजे. गाडी २० वर्षांच्या वर गेली असंल तर नोंदणी वाढवायची फी १० हजार आहे, १५ ते २० मध्ये ५ हजार.

निघायच्या दिवशी सकाळी डिक्कीत दोन बल्ब, चार फ्यूज, चिंधी, पांढरा कागद अन शिसपेन्सिल टाका, अन गेटच्या आत जायच्या आधी गाडी थांबवून सोबतच्याला मागं उभं करा, ब्रेक दाबा, मागचे सगळे ब्रेक लाइट लागतात का विचारा.