घरच्या संगणकाची विंडोज बदलावी की आहे तीच राहू द्यावी?

तासगावला माझ्या मामांच्या घरी २०१६ साली घेतलेला एक डेस्कटॉप आहे. द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी, मजुरांचा हिशेब आणि सोसायटीचा पत्रव्यवहार एवढीच त्याची कामे. विंडोज १० ची मुदत संपत असल्याची पानभर सूचना त्यावर येऊ लागली, तेव्हा मामांनी ती प्रत्येक वेळी बंद केली आणि मला फोनवर सांगितले, "चालतंय की! मग हात कशाला लावायचा?" सांगलीत विश्रामबागेत माझ्या घरीही साधारण त्याच सुमाराची सूचना येत होती. दोन्ही संगणकांचा निर्णय मलाच घ्यावा लागला आणि दोन्हीकडे तो वेगवेगळा निघाला. तो कसा घ्यावा, कोणत्या क्रमाने काय पाहावे, एवढेच येथे मांडतो.

प्रथम मुदत संपणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यावे. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची नियमित सुरक्षा अपडेट्स थांबवली. त्या दिवसानंतर संगणक बंद पडत नाही, फायली जात नाहीत, छपाईही होते. त्यामुळे मामांचे म्हणणे वरवर बरोबरच वाटते. फरक पडतो तो एवढाच, की विंडोजमध्ये यापुढे सापडणारी भोके बुजवली जात नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेले होते. ज्यांनी ते बसवले होते त्यांच्या संगणकात त्याला त्या वाटेने शिरता आले नाही. अँटिव्हायरस आहे म्हणून अपडेट नसले तरी चालेल, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. अँटिव्हायरस हा राखणदार आहे, पडलेली भिंत बांधणे त्याचे काम नव्हे.

मात्र हा धोका सर्वांना सारखा नसतो. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार, जीएसटीची विवरणपत्रे किंवा ईमेल चालते, त्याला अपडेटशिवाय ठेवणे मला मान्य नाही. जो इंटरनेटला जोडलेलाच नाही त्याला पुष्कळ सवलत देता येते. पण झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेन ड्राइव्ह त्यात लावला जात असेल, तर त्याला 'इंटरनेट नाही' म्हणून निर्धास्त ठेवता येणार नाही.

यानंतर बहुतेक लोक थेट संगणकाची क्षमता तपासायला जातात. माझे मत असे की त्याआधी कागद घेऊन या संगणकावर वर्षभरात होणारी कामे लिहून काढावीत आणि प्रत्येक कामापुढे ते कशाच्या आधाराने होते ते लिहावे: कोणता प्रिंटर, कोणते सॉफ्टवेअर, कोणते यूएसबी लॉक (सॉफ्टवेअर चालण्यासाठी लावून ठेवावी लागणारी पेन ड्राइव्हसारखी किल्ली), डिजिटल सहीचे कोणते टोकन. विंडोज १० वरून तिच्या पुढच्या विंडोज ११ वर जाताना अडते ते याच ठिकाणी. ब्राउझर, व्हिडिओ, एक्सेल यांना काही होत नाही. अडतो तो दहा वर्षांपूर्वीचा प्रिंटर, ज्याचा ड्रायव्हर (विंडोजला ते यंत्र चालवायला शिकवणारे छोटे सॉफ्टवेअर) कंपनीने पुढे काढलाच नाही. कागदावरच्या प्रत्येक वस्तूसाठी उत्पादकाच्या संकेतस्थळावर विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे का, हे आधी पाहून ठेवावे. जुनी सरकारी किंवा बँकेची पाने उघडण्यासाठी कोणी अजून इंटरनेट एक्सप्लोरर वापरत असेल, तर तो विंडोज ११ मध्ये नाही; एज ब्राउझरमध्ये त्याच्यासारखे चालणारी एक सोय आहे, तिच्यावर ते पान उघडते का, हे विंडोज १० वर असतानाच तपासता येते.

मराठीत लेखन करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष जपावी. युनिकोड (मराठी अक्षरे कोणत्याही संगणकावर सारखी दिसण्याची पद्धत) रुळण्यापूर्वीची आपली पुष्कळशी पत्रे, निमंत्रणे आणि इतिवृत्ते जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फायलीत मुळात इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नाहीसा झाला की 'मा. अध्यक्ष' च्या जागी स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. काही वर्षांपूर्वी मी एका दुरुस्तीवाल्याकडे मामांचा संगणक दिला, त्याने न विचारता फॉरमॅट मारला, आणि सोसायटीची सहा वर्षांची इतिवृत्ते अशीच खिचडी होऊन परत आली. फायली शाबूत होत्या, फॉन्ट गेला होता. एका नातेवाइकाच्या संगणकातून तो मिळेपर्यंत वार्षिक सभा उलटून गेली. फॉरमॅट न मारता जागच्या जागी अपग्रेड केले तर फॉन्ट सहसा टिकतात, तरीही विंडोजच्या फोल्डरातील 'फॉन्ट्स' हा भाग उघडून आपले मराठी फॉन्ट पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवणे हे पाच मिनिटांचे काम आहे. मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर चालत असेल, तर विकणाऱ्याला फोन करून त्या लॉकचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो का, हे स्पष्ट विचारावे. 'बहुतेक चालेल' या उत्तरावर पुढे जाऊ नये.

आता यंत्राकडे वळू. विंडोज ११ साठी ६४ बिटचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची (सुरू होतानाच अनोळखी प्रणाली रोखण्याची) क्षमता असलेले यूईएफआय (संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली) आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. यातील ४ जीबी रॅम ही केवळ परीक्षेत पास होण्यापुरती आहे. ८ जीबीच्या खाली मी कोणालाही पुढे जा म्हणणार नाही. खरी चाळणी प्रोसेसरची आहे. इंटेलमध्ये, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीमध्ये साधारण रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर मान्य यादीत येतात. पिढी ओळखणे सोपे आहे: 'आय ५-६४००' यात रेघेनंतरचा पहिला अंक ६, म्हणजे सहावी पिढी, 'आय ५-१०४००' असे पाच अंक असतील तर पहिले दोन धरावेत, म्हणजे दहावी. हे सगळे स्वतः पडताळण्याऐवजी मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून चालवले, तर काय बसते आणि काय बसत नाही हे ते एका पानावर सांगते.

त्याने 'टीपीएम सापडले नाही' असे सांगितले तर लगेच संगणक बाद समजू नये. माझ्या घरी नेमके हेच झाले. प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणजे पात्र, तरीही टीपीएम नाही असे उत्तर आले. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'टीपीएम डॉट एमएससी' लिहून पाहिले, तेथेही नकारच. प्रत्यक्षात ती सोय प्रोसेसरमध्ये होती, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली होती. संगणक सुरू होताना डिलीट कळ दाबून बायोस उघडले (काही यंत्रांत एफ २ दाबावी लागते), सुरक्षेच्या भागात 'पीटीटी' या नावाची नोंद होती, ती चालू केली आणि पुढच्या तपासणीत सगळ्या खुणा हिरव्या झाल्या. एएमडीच्या बोर्डांवर हीच सोय 'एफटीपीएम' या नावाने असते. लॅपटॉपवर मात्र बायोसला हात लावण्यापूर्वी डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का, हे पाहावे. असल्यास ४८ अंकांची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी, कारण बायोसमधील बदलानंतर संगणक ती मागू शकतो आणि ती नसेल तर आपल्याच फायलींसमोर आपण परके ठरतो. ही की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते.

मामांचा संगणक सहाव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ साठी अपात्र निघाला. अशा वेळी चार वाटा उरतात.

पहिली वाट म्हणजे इंटरनेटवर दाखवतात त्या युक्तीने तपासणी चुकवून विंडोज ११ बसवणे. ती बसते, चालतेही. पण अशा यंत्रांना अपडेट मिळण्याची हमी नाही, असे मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केले आहे; आणि ज्या अपडेट्ससाठी हा सारा खटाटोप, त्यांचीच हमी नसेल तर त्यात अर्थ काय राहिला? प्रयोगाच्या संगणकावर करावे, मामांच्या नाही.

दुसरी वाट वाढीव सुरक्षा अपडेट्सची. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी ही योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची म्हणून जाहीर झाली. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती हवी, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवल्यास पैसे पडत नाहीत. बॅकअप नको असल्यास ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड्स पॉइंट असा पर्याय ठेवला आहे. आवृत्ती पाहण्यासाठी विंडोजची कळ आणि आर दाबून उघडणाऱ्या, वर सांगितलेल्या चौकटीत 'विनव्हर' हा शब्द इंग्रजीत लिहावा. नोंदणीचा दुवा सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर येतो. ही सोय कायमची नसून निर्णयासाठी मिळालेली सवड आहे, हे विसरू नये.

तिसरी वाट लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी वापरायच्या मोफत प्रणालीची. तिचा उबुंटू किंवा लिनक्स मिंट हा प्रकार पेन ड्राइव्हवर उतरवून, हार्ड डिस्कला हात न लावता त्यावरूनच संगणक सुरू करून पाहता येतो. वायफाय लागते का, प्रिंटर छापतो का, इनस्क्रिप्ट या कळफलकाने मराठी टाइप होते का, हे एका दुपारी कळते. केवळ ब्राउझर, पत्रे आणि व्हिडिओ एवढाच वापर असलेल्या घरी मी हीच वाट सुचवतो. कामांच्या यादीत विंडोजवरच चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर किंवा लॉक असेल तर तिचा विचार सोडून द्यावा. चौथी वाट नव्या संगणकाची, तिच्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही.

पात्र संगणकावर अपग्रेड करायचे ठरले, तरी कधी करायचे हाही निर्णयाचाच भाग आहे. द्राक्षवाल्यांनी ते ऑक्टोबर छाटणीनंतरच्या दिवसांत करू नये, कारण तेव्हा फवारणीची नोंद रोजच्या रोज लागते. हिशेबनिसांनी मार्चअखेरीस करू नये. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ भरून आले की वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर सकाळीच सुरुवात करावी आणि लॅपटॉप चार्जरला लावून ठेवावा. उतरवायचा मजकूर काही जीबींचा असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर तो मध्येच संपतो, तेव्हा ब्रॉडबँड असलेल्या शेजाऱ्याकडे संगणक नेणे बरे. खरी विंडोज १० असल्यास ११ साठी पैसे लागत नाहीत. ते मागणारा कोणी भेटला तर तो त्याच्या मजुरीचे मागतो की विंडोजचे, हे विचारून घ्यावे.

बॅकअप दोन ठिकाणी हवा, आणि त्यातला एक घराबाहेर. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या कित्येक घरांत संगणक आणि त्याच्या शेजारच्या कपाटातील बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात गेली, तेव्हा मी ही सवय लावून घेतली. आता एक डिस्क बहिणीकडे मिरजेला असते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो हे फोल्डर आपण घेतोच, पण ब्राउझरमधील पासवर्ड, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आणि वर सांगितलेले फॉन्ट राहून जातात. बॅकअप झाल्यावर त्यातील दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात.

अपग्रेड झाल्यानंतरचे दहा दिवस महत्त्वाचे असतात. या काळात सेटिंग्जमधील रिकव्हरीच्या पानावरून जुन्या विंडोजवर परत जाता येते, कारण ती 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात जपून ठेवलेली असते. जागा मोकळी करण्याच्या नादात तो फोल्डर पुसला की ती सोय गेली. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच आधी केलेला कागद पुढे घेऊन एकेक काम खरोखर करून पाहावे: एक पान छापावे, टोकन लावून सहीची चाचणी घ्यावी, जुने इतिवृत्त उघडावे. 'चालत असेल' असे गृहीत धरलेले काम नेमके अकराव्या दिवशी अडते.

माझ्या घरी या परीक्षेत फक्त स्कॅनर नापास झाला आणि नवा ड्रायव्हर घातल्यावर तोही सुधारला. मामांच्या संगणकाची वाढीव अपडेट्ससाठी नोंदणी केली आणि जुनी हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, बसवली. ती काढून नव्या यंत्रातही लावता येईल, म्हणून तो खर्च मला जड वाटला नाही. नवे यंत्र द्राक्षांचा माल गेल्यावर, उन्हाळ्यातल्या खरड छाटणीच्या आधी घ्यायचे ठरले आहे. संगणक चालू होण्यास पूर्वी चहा पिऊन होईपर्यंत वेळ लागत असे, तो आता अर्ध्या मिनिटावर आल्यावर मामा म्हणाले, "बघ, मी म्हटलो नव्हतो? चालतंय की!"