जर्मन रणगाड्यांची सचित्र पुस्तकं: घेताना आणि बघताना या चुका टाळा

माझ्याकडच्या एका जाडजूड पुस्तकात टायगर रणगाड्याचा पानभर फोटो आहे. खाली ओळ आहे, ‘कुर्स्क, जुलै १९४३’. छपाई इतकी स्वच्छ की चिलखतावरचा खरबरीत थर हाताला लागेल असं वाटतं. ओल्या गिलाव्यावरून कंगवा फिरवावा तशा त्यावर आडव्या रेघा आहेत. घोटाळा नेमका तिथेच आहे. या थराचं नाव त्सिमेरिट. शत्रूच्या सैनिकांनी जवळ येऊन चुंबकी सुरुंग चिकटवू नयेत म्हणून तो लावत असत. पण कारखान्यात तो लावायला सुरुवात झाली ऑगस्ट १९४३च्या सुमारास, आणि सप्टेंबर १९४४मध्ये तो बंदही झाला. रशियातल्या कुर्स्कवरची जर्मन चढाई ५ जुलैला सुरू झाली होती. म्हणजे फोटो खरा, पण त्याखालची ओळ चुकीची. त्या ओळीवर विसंबून मी १:३५चं, म्हणजे मूळच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं मॉडेल केलं होतं. चूक कळल्यावर सगळा थर खरवडून काढावा लागला.

या पुस्तकांची सगळी ताकद फोटोंत असते, आणि बहुतेक चुका फोटोखालच्या ओळींत. हे लक्षात ठेवून पुस्तक उघडलं की ते कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

ओळ आधी वाचणं

आधी रणगाडा बघा, ओळ नंतर वाचा. सगळ्यात सोपी खूण चाकांची. पँझर ३ला प्रत्येक बाजूला सहा चाकं, पँझर ४ला आठ लहान चाकं. टायगर आणि पँथरची चाकं मोठी आणि एकमेकांवर चढलेली. युद्धात समोरच्या सैनिकांना प्रत्येक जर्मन रणगाडा टायगरच वाटायचा, आणि बाजूला पत्रे लावलेला पँझर ४ तर हमखास. ती गफलत तशीच पुस्तकांत उतरली आहे.

त्या पत्र्यांबद्दलही पुस्तकापुस्तकांत एकच चूक दिसते. ते बझूकासारख्या, खांद्यावरून रॉकेट डागायच्या शस्त्रांपासून वाचण्यासाठी होते, असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात १९४३मध्ये ते बसवले गेले ते सोव्हिएत पायदळाच्या १४.५ मिमी रणगाडाविरोधी रायफलींमुळे. त्या गोळ्या रणगाड्याच्या बाजूचं पातळ चिलखत भेदत होत्या.

फोटो उलटा छापलेला असू शकतो, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. रणगाड्यावर आकडा असेल तर चूक लगेच कळते. नुसता जर्मन क्रॉस असेल तर कळत नाही, कारण तो दोन्ही बाजूंनी सारखाच. अशा वेळी मशीनगन शोधा. टायगरचा चालक डावीकडे बसतो आणि पुढच्या चिलखतातली मशीनगन उजवीकडे असते. समोरून काढलेल्या फोटोत ती आपल्या डाव्या हाताला दिसली पाहिजे. उजव्या हाताला दिसली, तर निगेटिव्ह उलटी लागली आहे.

आणि एक बारीकशी गोष्ट: पँथरच्या आवृत्त्यांचा क्रम डी, ए, जी असा आहे. ए आधी आणि डी नंतर असं मांडणारं पुस्तक दिसलं, तर बाकीचा मजकूरही सावधपणे वाचा.

रंगीत चित्रालाच पुरावा समजणं

बाजूने काढलेली रंगीत चित्रं हे या पुस्तकांचं मोठं आकर्षण. मलाही ती मनापासून आवडतात. पण मूळ फोटो बहुतेक कृष्णधवल, त्यामुळे रंग हा चित्रकाराचा अंदाज असतो. चांगला चित्रकार कागदपत्रं बघून अंदाज करतो, कमी चांगला दुसऱ्याचं चित्र बघून.

अंदाज किती फसू शकतो ते बघा. युद्धाच्या सुरुवातीचे जर्मन रणगाडे नुसते गडद राखाडी होते, असं अनेक वर्षं छापलं गेलं. खरं म्हणजे १९४०च्या मध्यापर्यंत त्यांच्या साधारण एक-तृतीयांश भागावर गडद तपकिरी रंग असे. कृष्णधवल फोटोत हे दोन रंग वेगळे दिसतच नाहीत, म्हणून तपकिरी पुस्तकांतून गायब झाला. फेब्रुवारी १९४३पासून मूळ रंग गडद पिवळा झाला, आणि त्यावर हिरव्या व लालसर तपकिरी रंगाचे पट्टे मारायचं काम तुकड्यांकडे आलं. रंग घट्ट लगद्याच्या रूपात यायचा. तो कधी पेट्रोलमध्ये, कधी पाण्यात पातळ करत. त्यामुळे एकाच तुकडीतले दोन रणगाडेसुद्धा तंतोतंत सारखे दिसत नसत. ज्या चित्राशेजारी त्याच रणगाड्याचा मूळ फोटो छापला आहे, त्यावर विश्वास ठेवा. फोटो नसेल तर ते चित्र म्हणून बघा आणि आनंद घ्या.

आराखडा न मोजणं

‘१:३५’ असं छापलं म्हणजे आराखडा त्या मापाचा असतोच असं नाही. स्टीलची पट्टी ठेवा. टायगरची तोफेसकट लांबी ८.४५ मीटर, म्हणजे कागदावर २४१ मिलिमीटर भरली पाहिजे. २३५ भरली, तर पान बसवण्यासाठी आराखडा कुणीतरी लहान केला आहे, आणि त्यावरून मॉडेलचा भाग कापाल तर तो बसणार नाही.

कॅमेरा कोणाच्या हातात होता हे विसरणं

ही मला सगळ्यात गंभीर चूक वाटते. पुस्तकांतले कितीतरी गाजलेले फोटो जर्मन लष्कराच्या प्रचार तुकड्यांनी काढलेले आहेत. नेमलेले छायाचित्रकार, त्यांना दाखवायचं होतं तेच दाखवणारे. जर्मनीच्या केंद्रीय अभिलेखागाराने २००८मध्ये ऐंशी हजारांहून जास्त फोटो विकिमीडियावर खुले केले. तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितलं, की फोटोंच्या मूळ ओळी चुकीच्या, एकतर्फी किंवा राजकीयदृष्ट्या टोकाच्या असू शकतात. त्याच ओळींचं भाषांतर करून छापणारी पुस्तकं मात्र असा इशारा क्वचितच देतात.

याने युद्धाचं मापच बदलतं. टायगर जेमतेम साडेतेराशे बनले. पँझर ४ साडेआठ हजारांच्या आसपास, आणि बुरूज (वरचा फिरता, तोफ असलेला भाग) नसलेल्या श्टुग या चिलखती तोफगाडीची संख्या दहा हजारांपर्यंत. तिकडे सोव्हिएत टी-३४ रणगाडे पन्नास हजारांहून अधिक. पण पुस्तकांच्या कपाटासमोर उभं राहिलं, तर जर्मनी टायगरवरच लढली असं वाटावं. १९४१मध्ये सोव्हिएत संघावर चालून गेलेल्या या सैन्यात सहा लाखांच्या आसपास घोडे होते. त्यांचं चकचकीत पुस्तक कुणी विकत नाही.

अमुक अधिकाऱ्याने इतके रणगाडे फोडले, या आकड्यांचंही तसंच. पूर्व आघाडीवर जर्मन गुप्तवार्ता विभाग आपल्याच तुकड्यांचे दावे निम्म्यावर आणून मोजत असे. पुस्तकात मात्र पूर्ण आकडा येतो, तोही ठळक अक्षरांत.

आणि जे फोटोत येत नाही ते. ‘दास राइख’ या एसएस (नाझी पक्षाचं सशस्त्र दल) डिव्हिजनचे कुर्स्कमधले टायगर शेकडो पानांवर आहेत. याच डिव्हिजनने ९ जून १९४४ला फ्रान्समधल्या त्यूल गावात ९९ जणांना फाशी दिली, आणि दुसऱ्या दिवशी ओरादूर-स्यूर-ग्लानमध्ये सहाशेहून जास्त माणसं मारली, त्यांत बायका आणि मुलं. टायगर जिथे बनत त्या कासेलच्या हेन्शेल कारखान्यात परदेशांतून सक्तीने आणलेले मजूर राबत होते. कुठला बोल्ट कुठल्या महिन्यात बदलला हे तीन पानं सांगणाऱ्या पुस्तकाला याच्यासाठी एक परिच्छेद देता येत नसेल, तर तो त्या पुस्तकाचा दोष आहे, आणि मी तो दोषच म्हणतो.

आवृत्तीचं साल न बघणं

कुर्स्कच्या मोहिमेतली प्रोखोरोव्हकाची १२ जुलै १९४३ची लढाई जुन्या पुस्तकांत पँथरसकट रंगवलेली असते. पँथर त्या दिवशी तिथे नव्हतेच, ते वेगळ्याच कोअरकडे (अनेक डिव्हिजनांच्या गटाकडे) होते. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयातला ‘टायगर १३१’ ट्युनिशियात २१ एप्रिल १९४३ला हाती लागला, असं कित्येक दशकं छापलं गेलं. नव्या संशोधनानंतर तारीख २४ एप्रिल झाली आणि जागाही बदलली. म्हणून जुनं पुस्तक फोटोंसाठी जरूर घ्या, पण तारखा आणि आकड्यांसाठी अलीकडचं बघा.

पैसे देण्याआधी

‘सर्व जर्मन रणगाडे’ असं एकच पुस्तक घेण्याचा मोह होतो. त्यात प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार पानं येतात आणि फोटो तेच ते, सगळीकडे दिसणारे. त्यापेक्षा एकाच रणगाड्यावरचं, सैनिकांच्या खासगी अल्बममधले फोटो असलेलं पुस्तक घ्या. चिखलात रुतलेला, चाक निखळलेला रणगाडा तिथेच दिसतो. संग्रहालयातल्या रणगाड्यांचे जवळून काढलेले फोटो बिजागऱ्या आणि वेल्डिंगसाठी उत्तम, मात्र दुरुस्तीत काय बदललंय ते पुस्तकात लिहिलंय का, ते तपासा.

आकाराचा अंदाज कुठल्याच फोटोतून येत नाही. त्यासाठी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन सेंच्युरियन या ब्रिटिश रणगाड्याच्या शेजारी उभे राहा. टायगरचं वजन त्याहूनही जास्त, ५७ टन.

शक्य असेल तर पुस्तक हातात घेऊन मधोमध उघडा. दोन पानांवर पसरलेल्या फोटोंत रणगाड्याचा बुरूज नेमका शिवणीत जातो, आणि पुस्तक जाड असेल तर तो कधीच नीट दिसत नाही. असे फोटो दहाच्या वर असतील, तर मी ते पुस्तक परत ठेवतो.