हिमालयातल्या खिंडी, सह्याद्रीचं गणित: आखणीतल्या या चुका टाळा

सह्याद्रीतल्या घाटवाटा पालथ्या घातलेल्या मंडळींचा हिमालयातला पहिला स्वतंत्र बेत बहुतेक वेळा घरच्या टेबलावरच चुकतो. मळलेली वाट पायाखाली आहे तोवर ही चूक खपते. हिमाचलात पार्वती खोऱ्यातून स्पितीत उतरणाऱ्या पिन पार्वती खिंडीच्या वाटेवर (५३१९ मीटर) मानतलाई तलाव मागे पडला की मोरेनचे (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचे) ढिगारे आणि हिमनदी सुरू होते. तिथे ती खपत नाही.

किलोमीटरवरून वेळ काढणं

चालण्याचा वेळ काढायचा गिर्यारोहक नेस्मिथचा जुना ठोकताळा असा: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. ८ किलोमीटर आणि १००० मीटर चढाई म्हणजे सव्वातीन तास. पण हा हिशोब बऱ्या वाटेचा. पाठीवर १८ किलो, पायाखाली हलते धोंडे आणि उंची ४००० मीटरच्या वर असेल तर आकडा दुप्पट धरा. उतारावर वेळ भरून काढू, ही आशा सोडलेली बरी. सुट्या धोंड्यांवरून उतरताना चढाइतकाच वेळ जातो, वर गुडघे बोलायला लागतात.

नकाशावर दिसत नाही म्हणजे कडा नाही, असं समजणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. १:५०,००० च्या नकाशावर उंच हिमालयात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) साधारण ४० मीटरच्या फरकाने काढलेल्या असतात. म्हणजे ३० मीटरचा सरळसोट कडा दोन रेषांच्या मध्ये आरामात लपतो. रेषा विरळ आहेत म्हणून उतार सोपा, असा निष्कर्ष काढू नका.

कोन मात्र पट्टीने मोजता येतो. लागोपाठ पाच टप्पे, म्हणजे २०० मीटर उंची घ्या आणि नकाशावर ती किती जागेत बसते ते पाहा. ७ मिलिमीटर भरली तर उतार सुमारे ३० अंशांचा, ४ मिलिमीटर भरली तर ४५ अंशांचा. हिमस्खलनं (घसरून येणारे बर्फाचे लोंढे) मुख्यतः याच ३० ते ४५ अंशांच्या पट्ट्यात सुटतात. तेव्हा जूनमध्ये, बर्फ लादलेला असताना, अशा उताराखालून जाणारी रेघ नकाशावरच खोडा. मग तीच जागा उपग्रहचित्रात पाहा, पण आधी चित्राची तारीख वाचा. सप्टेंबरच्या कोरड्या चित्रावरून जूनचा बेत आखणारे कमी नाहीत.

आणखी एक. चढाची बाजू सगळे अभ्यासतात, उतरायची बाजू कोणी बघत नाही. पिन पार्वतीच्या स्पितीकडच्या अंगाला हिमनदी आहे आणि तिच्यात भेगा आहेत. हंगामाच्या सुरुवातीला त्या ताज्या बर्फाखाली झाकलेल्या असतात, उशिरा उघड्या पडतात. दोर, हार्नेस (दोर अडकवायचा कंबरपट्टा) आणि ते वापरायचा सराव नसेल तर तो बेत तुमचा नव्हे.

दुसऱ्याची जीपीएक्स फाइल जशीच्या तशी चालणं

जीपीएक्स म्हणजे कुणीतरी चालताना जीपीएसवर नोंदवलेली वाट. ती कोणत्या महिन्यात नोंदवली, हा पहिला प्रश्न. जूनमध्ये बर्फाच्या पुलावरून नाला ओलांडलेला असेल, तर सप्टेंबरमध्ये त्याच जागी उघडा प्रवाह भेटतो. फाइलचा उपयोग इशाऱ्यापुरता. तुमच्या नकाशावर चार खुणा स्वतः करा: शेवटचं खात्रीचं पाणी, तंबूची शेवटची सपाटी, माघारीची जागा आणि माघारीची वेळ. वाटेतल्या थाचांवर (डोंगरातल्या कुरणांवर) गद्दी मेंढपाळ भेटले तर नाल्यावरचं लाकूड यंदा आहे की वाहून गेलं, हे त्यांना विचारा. ते फाइलमध्ये नसतं.

चुकीच्या बाजूने सुरुवात

पार्वती खोऱ्यातून बरशैणीहून निघालात तर सुमारे २२०० मीटरपासून हळूहळू उंची मिळते. स्पितीतलं मुद गावच ३७०० मीटरच्या वर आहे. मनालीहून गाडीने तडक तिथे पोहोचून चालायला लागलं तर शरीराला तयारीला वेळच मिळत नाही. ३००० मीटरनंतर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. मानतलाई साधारण ४१०० मीटरवर आहे. तिथून थेट ४८००-४९०० च्या मुक्कामाला जाताना हा नियम मोडतोच, म्हणून मानतलाईला दोन रात्री धरा. डोकेदुखीबरोबर तोल जायला लागला तर विश्रांती नको, खाली उतरा. रात्र असली तरी.

नाला दुपारी गाठणं

हिमनदीचं पाणी उन्हाबरोबर चढतं. सकाळी गुडघ्याएवढा असलेला नाला दुपारी कमरेपर्यंत येतो. मुक्काम नाल्याच्या अलीकडे पडेल अशी आखणी करा आणि पहाटे ओलांडा. सॅकचा कंबरपट्टा सोडा, बूट पायातच ठेवा, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला आणि काठी पुढे. एकमेकांना दोराने बांधून घेऊ नका, एक पडला की सगळे ओढले जातात.

इंधन आणि शिधा

५००० मीटरवर पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तूरडाळ कितीही वेळ ठेवली तरी शिजत नाही. कुकर न्या, नाहीतर शिजवलेलं-वाळवलेलं अन्न. स्टोव्हसाठीचा साध्या ब्युटेन गॅसचा डबा शून्याखाली जवळपास मुका होतो. आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रण घ्या. विमानात गॅस चालत नाही, तेव्हा खरेदीचा दिवस बेतात धरा. बर्फ वितळवावं लागणार असेल तर इंधन दुप्पट. शिधा माणशी रोज ७०० ग्रॅम कोरडा, वर दोन दिवसांचा जादा.

परदेशातून आणलेलं उपग्रह यंत्र

अमेरिका-युरोपात राहणाऱ्या मराठी मित्रांनी हे नक्की वाचावं. भारतात उपग्रह फोन आणि इनरीचसारखी उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. जप्ती होते, अटकही. वरच्या पट्ट्यात मोबाइलच्या भरवशावरही राहता येत नाही. म्हणून दिवसवार मुक्काम, माघारीची वाट आणि ‘अमुक तारखेच्या संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळव’ असं लिहिलेला कागद घरच्या एका माणसाकडे ठेवा. त्या तारखेत राखीव दोन दिवस आधीच मिळवलेले असू द्या, नाहीतर तुम्ही मुदला निवांत चहा पीत असताना इकडे शोधपथक निघायचं.