सासूबाईंना नेण्याआधी जहाज पाहून या

माझ्या सासूबाई एक्क्याऐंशीच्या. त्यांना लक्षद्वीपची पाच रात्रींची क्रूझ घडवायची टूम घरात निघाली, तेव्हा मी ह्यांना म्हटलं, आधी शुक्रवार ते रविवारच्या गोव्याच्या फेरीला आपण दोघं जाऊन जहाज पाहून येऊ. स्थळ बघायला जातात तसं. नणंदेच्या मते पैसे पाण्यात गेले. माझ्या मते वाचले.

जहाज म्हणजे ‘एम्प्रेस’. २०२१पासून मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या नावाने फिरतं, पण जन्म फ्रान्समधल्या गोदीतला, १९९० सालचा. तेव्हाचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. तीन-चार रात्रींच्या सहलींसाठीच ते बांधून घेतलं होतं. हे कळलं की बराच उलगडा होतो. खोल्या लहान, बाल्कनीवाल्या थोड्याच. दोन दिवसांच्या पाहुण्याला मोठं कपाट कशाला? तेव्हा नव्या जहाजांचे व्हिडिओ बघून जाऊ नका, उगीच हिरमोड होईल.

बुकिंग करताना जाहिरातीतल्या आकड्यावर भुलू नका. बंदराचं शुल्क, जीएसटी, टीप सगळं धरून रक्कम किती, ते विचारा. आणि ज्यांना पुढे न्यायचं त्यांना जी खोली देणार, त्याच प्रकारची स्वतःला घ्या. आमच्या ह्यांना बाल्कनी हवी होती. सासूबाईंना देणार खिडकीची, मग बाल्कनीत बसून कळणार काय? खोली जहाजाच्या मध्यावर आणि शक्यतो खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथे डोलणं कमी. नकाशात डोक्यावर काय आहे तेही बघा. वर पोहण्याचा तलाव किंवा नाचगाणं असेल तर झोपेचं खोबरं.

मोठी बॅग बंदरावरच घेतात आणि ती खोलीत पोचायला वेळ लागतो. औषधं, ओळखपत्र, एक जोड कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. माझ्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या होत्या. तीन तास मी बॅगेची वाट पाहत बसले. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच आणा, सोबत आवळासुपारी. भिंती पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे चार हूक नेलेत तर लहान खोलीत टॉवेल-पिशव्यांची सोय होते. आणि किनारा दूर गेला की फोन विमान मोडवर टाका. ह्यांनी नाही टाकला. बिलाचा आकडा मी इथे लिहीत नाही, घरात अजून विषय निघतो.

आता खरी पाहणी. मी शिवणाची टेप नेली होती. हे लांब जाऊन उभे राहिले, पण मी खोलीचं दार, बाथरूमचं दार आणि त्याचा उंबरा मोजून वहीत लिहिलं. जुन्या जहाजात हे उंबरेच म्हाताऱ्या माणसाला नडतात. धरायला दांडा कुठे आहे, पलंगावरून उठताना हात कुठे टेकेल, हे स्वतः उठून-बसून बघा. रात्री दिवे मालवून इंजिनाचा घरघराट ऐका. जेवणाच्या वेळी लिफ्टपाशी दहा मिनिटं उभे राहा, गर्दीचा अंदाज तेव्हाच येतो. सुरक्षेची कवायत टाळू नका. आपली जमायची जागा किती जिने दूर आहे, ते तिथेच कळतं. बंदराच्या फाटकापासून जहाजापर्यंत चालणं किती, व्हीलचेअर कुठपर्यंत मिळते, हेही विचारून ठेवा. शिडीचा चढ भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो, म्हणून एकदा बघून निश्चिंत होऊ नका.

गोव्याला मुरगावला जहाज लागलं की सगळे उतरतात. तुम्ही उतरू नका. गोवा कुठे पळून जात नाही. जहाज रिकामं असतं, कर्मचारी निवांत असतात आणि मऊ भात मिळेल का, डॉक्टर कुठे बसतात, या प्रश्नांना नीट उत्तरं मिळतात. आम्हाला सगळ्यांत जास्त माहिती याच चार तासांत मिळाली. शनिवार रात्रीच्या दणदणाटावरून मात्र मत बनवू नका, तो वीकेंडच्या गर्दीचा असतो.

एक गोष्ट या फेरीत कळत नाही. मुरगावला जहाज धक्क्याला लागतं. लक्षद्वीपला ते बाहेर समुद्रात उभं राहतं आणि किनाऱ्यावर लहान बोटीने जावं लागतं. मी घाबरत घाबरतच सासूबाईंना हे सांगितलं. लग्नानंतर त्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने जयगडला जायच्या, आणि तिथे आगबोटीतून पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरून किनारा गाठायच्या.

“म्हणजे पडावात उतरायचं,” त्या म्हणाल्या. “कडेवर तुझा नवरा असायचा तेव्हा. आता हात मोकळे आहेत.”

खिडकीची खोली, मधला भाग. जानेवारीचं बुकिंग केलं.