टेक्सासमधील घर, वाढलेले गवत आणि शहराची नोटीस

डॅलस, ऑस्टिन किंवा ह्यूस्टनच्या परिसरात घर घेतलेली अनेक मराठी कुटुंबे मुलांच्या शाळेला सुट्टी लागली की काही आठवड्यांसाठी भारतात येतात, तर काही जण घर भाड्याने देऊन कायमचे परततात. नेमक्या त्याच उन्हाळ्यात तिथले बर्म्युडा गवत, म्हणजे आपली हरळी, जोमाने वाढते आणि तिच्याबरोबर तणही माजते. अशा वेळी शहर, म्हणजे तिथली नगरपालिका, काय करू शकते, हे मालकाने आधीच समजून घेतले पाहिजे.

टेक्सासच्या आरोग्य व सुरक्षा संहितेच्या ३४२ व्या प्रकरणानुसार गवत-तण काढण्याची सक्ती करण्याचा अधिकार शहरांना आहे. उंचीची मर्यादा मात्र शहर स्वतः ठरवते. डॅलस, ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो येथे ती १२ इंच आहे; आपल्या शहराची मर्यादा त्याच्या नियमावलीत पाहावी. पदपथ आणि रस्ता यांमधील पट्टी व घरामागची गल्लीही सहसा मालकाच्याच जबाबदारीत येते. घरमालक संघाचे, म्हणजे एचओएचे, नियम याहून वेगळे व पुष्कळदा अधिक कडक असतात. एचओएचे पत्र आणि शहराची नोटीस यांची गल्लत करू नये.

सर्वांत आधी पत्ता तपासावा. नोटीस टपालाने पाठवायची असेल, तर शहर ती कौंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे करासाठी मिळकतींचे मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाकडे, मालकाचा जो पत्ता नोंदलेला असेल त्यावर पाठवते. ते पत्र कोणी न स्वीकारल्यामुळे परत गेले, तरी कायद्याच्या दृष्टीने नोटीस बजावली गेलेलीच असते. पुण्याला परतलेल्या मालकाचा जुना पत्ता तसाच राहिला असेल, तर त्याला काहीच कळत नाही आणि मुदत संपून जाते. म्हणून पत्ता बदलल्याची नोंद त्वरित करावी.

नोटीस मिळाल्यावर सात दिवसांत काम करावे लागते. गवत कापून घ्यावे, आधीची व नंतरची छायाचित्रे तारखेसह ठेवावीत, माळ्याची पावती जपावी आणि नोटिशीवर नाव असलेल्या अधिकाऱ्याला काम पूर्ण झाल्याचे लेखी कळवावे. मुदत पाळली नाही, तर शहर स्वतः गवत कापून घेते आणि खर्च मालकाकडून वसूल करते. शिवाय वेगळा दंडही होऊ शकतो. नोटिशीत तशी सूचना असेल, तर पुढील एका वर्षात तोच प्रकार पुन्हा घडल्यास शहर नव्याने नोटीस न देताही काम करून घेऊ शकते. हे कलम वाचायचे राहून जाते, आणि ते सर्वांत महाग पडते. तण ४८ इंचांहून उंच आणि जीवित, आरोग्य वा सुरक्षेला तत्काळ धोकादायक असेल, तर पहिल्या वेळीही आधी नोटीस लागत नाही. काम करून घेतल्यानंतर शहर दहा दिवसांच्या आत मालकाला कळवते आणि काम झाल्यापासून ३० दिवसांत मालक सुनावणी मागू शकतो.

घर भाड्याने दिले असल्यास गवत कोणी कापायचे ते करारात स्पष्ट लिहावे. तरीही शहर मालकालाच जबाबदार धरते, हे विसरू नये. फुलझाडे किंवा रानफुले मुद्दाम लावलेली असतील, तर डॅलसच्या नियमांत त्यांना सवलत आहे, पण रानफुलांसाठी ती शेवटच्या बहरानंतर बी पक्व होईपर्यंतच मिळते. अशी बाग नीट आखलेली आणि कडेने कापलेली दिसेल, याची काळजी घ्यावी.

खर्च भरला नाही, तर शहर कौंटी क्लार्ककडे, म्हणजे मिळकतींचे दस्त नोंदणाऱ्या अधिकाऱ्याकडे, खर्चाचे निवेदन दाखल करून मिळकतीवर बोजा चढवते. त्या रकमेवर वर्षाला दहा टक्के व्याज लागते आणि घर विकताना हा बोजा आडवा येतो. रक्कम भरल्यावर केवळ पावतीवर समाधान न मानता बोजा उतरवल्याचा दस्त मागून घ्यावा आणि तो कौंटी क्लार्ककडे नोंदला गेला आहे ना, हे स्वतः पाहावे.